अपुऱ्या गारव्याचा हिशेब

१८३३ च्या सप्टेंबरात ‘टस्कनी’ नावाचे एक अमेरिकी जहाज हुगळी नदीतून कलकत्त्याकडे निघाले होते. मे महिन्यात बॉस्टन सोडताना त्यात १८० टन बर्फ भरलेला होता. आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, चार महिन्यांनी ते कलकत्त्याला लागले तेव्हा त्यातला सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता. बजबज हे गाव कलकत्त्याच्या खालच्या अंगाला, हुगळीच्या काठावर आहे. समुद्राकडून वर येणाऱ्या प्रत्येक जहाजाप्रमाणे ‘टस्कनी’लाही ते उजव्या हाताला ठेवूनच पुढे जावे लागले. पाऊस अजून सरलेला नव्हता. बंगालच्या त्या घामट हवेतून न्यू इंग्लंडच्या गोठलेल्या तळ्यांचे तुकडे पुढे सरकत होते.

या बर्फाचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर. त्याच्याकडे गारवा तयार करणारे कुठलेही यंत्र नव्हते, तेव्हा ते कुणाकडेच नव्हते. बाहेरची उष्णता आत येऊ न देणे एवढीच त्याची विद्या. जहाजाच्या पोटात त्याने जाड उष्णतारोधक थर दिले, हवा शिरेल अशी प्रत्येक फट बुजवली, आणि त्या बळावर अर्ध्याहून अधिक माल उष्ण कटिबंधात उतरवला. पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, मुंबईतही अमेरिकी बर्फ पोचला. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर ट्यूडरने बांधलेले बर्फघर तर आजही उभे आहे. १८९७ च्या फेब्रुवारीत स्वामी विवेकानंद परदेशातून परतले तेव्हा त्यांचा मद्रासमधला मुक्काम याच इमारतीत होता. तिथून ते बोटीने निघाले आणि १९ फेब्रुवारीला बजबजलाच उतरून रेल्वेने सियालदहला गेले. हा निव्वळ योगायोग आहे, पण बजबजच्या हवेविषयी लिहिताना तो नोंदवल्यावाचून राहवत नाही.

एसीच्या दुकानात आज ज्याला ‘टन’ म्हणतात, ते माप त्याच बर्फयुगाचा वारसा आहे. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता त्याच वेळात घराबाहेर फेकणारे यंत्र एक टनाचे. आकड्यांत ही क्षमता साडेतीन किलोवॅट होते. म्हणजे पाच टनांची घरगुती सेंट्रल यंत्रणा पूर्ण ताकदीने चालली, तर ‘टस्कनी’तून कलकत्त्यात उतरलेला सगळा बर्फ ती साधारण वीस दिवसांत फस्त करील. एका कुटुंबासाठी! आणि तरीही त्याच घरातले लोक मे-जूनमध्ये म्हणतात, की सेंट्रल एसी पुरत नाही.

पुढची प्रकरणे अशाच घरांविषयी आहेत. यंत्रणा बसवून झाली आहे, फॉल्स सीलिंगमध्ये डक्ट गेले आहेत, पैसे खर्च झाले आहेत, आणि वरच्या मजल्यावरची एक खोली काही केल्या गार होत नाही. सगळे उखडून मोठी यंत्रणा बसवावी, की आहे तिला जोड द्यावी? या प्रस्तावनेचा कौल जोड देण्याकडे आहे. मात्र ती जोड कोणती आणि कोणत्या क्रमाने, यावर सगळे अवलंबून आहे. क्रम चुकला तर नवे यंत्रही वर्षभरात अपुरे वाटू लागते.

उदाहरणासाठी बजबज निवडले, त्याला कारण आहे. हे गाव तागाच्या गिरण्यांचे, तेलाच्या टाक्यांचे आणि विजेचे. इथल्या नदीकाठच्या पुजालीत सीईएससी या वीज कंपनीचे ७५० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे आणि कोलकात्याच्या विजेतला मोठा वाटा तिथून जातो. थोडे वर, बाटानगरात, जिथे १९३० च्या दशकात बाटा कंपनीने बुटांचा कारखाना आणि कामगारांची वसाहत उभारली, तिथे आता नदीकाठी उंच इमारती आल्या आहेत. बजबज ट्रंक रोडच्या दुतर्फा नवी बांधकामे चालूच आहेत. नव्या घरांत खिडक्यांच्या जागी काचेच्या भिंती आल्या, छते खाली आली आणि जुन्या कलकत्ता परिसरातल्या घरांना असायची ती लाकडी झडपांची उंच दारे-खिडक्या गेली. त्या झडपा ऊन अडवत आणि वारा आत सोडत. आता ती दोन्ही कामे एकट्या यंत्राच्या गळ्यात पडली आहेत.

आणि हवा? मराठी वाचकाला ती समजावून सांगायची, तर नागपूरची आठवण काढावी लागते. नागपुरात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो, पण हवा इतकी कोरडी असते की वाळ्याचा कूलर ओल्या ताट्यांतून हवा ओढून ती पंचविशीच्या आसपास आणू शकतो. पाणी उडून जाते, जाताना उष्णता घेऊन जाते. बजबजला जुलैत तापमान ३३-३४ अंशच असते. नागपूरकर हसेल. पण आर्द्रता ७५ टक्क्यांवर असते, आणि अशा हवेत तोच कूलर लावला तर त्यातून ३० अंशांच्या आसपासचीच हवा बाहेर येते, तीही अधिक ओली होऊन. घाम अंगावरच राहतो. रत्नागिरीकर, अलिबागकर, वसई-पनवेलकर यांना हे वेगळे सांगायला नको. त्यांच्या मे महिन्याचे आणि बजबजच्या पावसाळ्याचे दुखणे एकच आहे.

म्हणून बजबजच्या घरात एसीला दोन कामे करावी लागतात. हवा गार करणे हे पहिले, आणि हवेतले पाणी काढणे हे दुसरे. दुसरे काम डोळ्यांना दिसत नाही, पण ते फार जड आहे. हवेतल्या एक लिटर पाण्याच्या वाफेचे कॉइलवर पुन्हा पाणी करायचे, तर जवळजवळ ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता बाहेर काढावी लागते. ताशी पाच लिटर पाणी म्हणजे एका टनाची सगळी क्षमता केवळ पाणी काढण्यात गेली. एकूण क्षमतेचा साधारण तीन चतुर्थांश भाग तापमान उतरवायला आणि उरलेला भाग ओलावा काढायला, असा बहुतेक यंत्रांचा स्वभाव असतो. पावसाळ्यातल्या बजबजला ओलाव्याचा वाटा त्याहून बराच मोठा असू शकतो. मग थर्मोस्टॅटवर २४ दिसते, यंत्र समाधानाने थांबते, आणि माणूस चिकचिकीत बसून राहतो. तो तापमान १८ वर नेतो. खोली थंड आणि ओलसर होते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, वीजबिल वाढते, आणि निष्कर्ष निघतो, की यंत्र लहान पडले.

हवेतल्या पाण्याचे हे गणित विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडले गेले, तेही कारखान्यासाठी. १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमटपणामुळे कागद आकसत-फुगत होता आणि रंगांचे ठसे एकमेकांवर नीट बसत नव्हते. विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरने तिथे हवेतले पाणी आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आखली. माणसाच्या सुखाचा विचार नंतर आला. बजबजच्या तागगिरण्यांची गरज नेमकी उलटी: सूत तुटू नये म्हणून कताईच्या खात्यात हवा दमट ठेवावी लागते. गिरणीला जी हवा मानवते, तीच घरात नकोशी होते.

यंत्रणा खरोखर लहान असू शकते, हे कुणी नाकारत नाही. बाजारात शंभर-सव्वाशे चौरस फुटांना एक टन असा ठोकताळा चालतो. त्यात खोलीचे तोंड पश्चिमेला आहे की उत्तरेला, डोक्यावर दुसरा मजला आहे की उघडा स्लॅब, काच किती, माणसे किती, याचा काहीच विचार नसतो. दुसरे कारण जास्त सुशिक्षित आहे. एका बाहेरच्या युनिटवर अनेक खोल्यांची आतली युनिटे चालवण्याची पद्धत जपानच्या डायकिन कंपनीने १९८२ मध्ये आणली, आणि आता आपल्याकडच्या मोठ्या फ्लॅटांत ती रुळली आहे. तिच्यात आतल्या युनिटांची बेरीज बाहेरच्या युनिटाच्या १३० टक्क्यांपर्यंत ठेवण्याची मुभा असते, कारण सगळ्या खोल्या एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालत नाहीत असे धरलेले असते. एरवी ते खरेही असते. पण दुर्गापूजेच्या चार दिवसांत घर पाहुण्यांनी भरले, प्रत्येक खोलीचा दरवाजा उघड-बंद होऊ लागला, स्वयंपाकघर दिवसभर पेटते राहिले, की हे गृहीत कोसळते. तिसरी गोष्ट म्हणजे यंत्रावर छापलेली क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. २०२४ च्या एप्रिलअखेर कोलकात्यात पारा ४३ अंशांवर गेला होता. शिवाय बाहेरचे युनिट अरुंद कोनाड्यात बसवले, तर ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढते आणि त्याच्यापुरते तापमान आणखी वाढते. अशा दिवशी पाच टनांचे यंत्र पाच टनांचे राहत नाही.

तक्रार गेली की मेकॅनिक येतो आणि बहुतेक वेळा सांगतो, “गॅस कमी झालाय, भरून देतो.” गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर नळीत कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा निघून जाणारच. ग्राहकाने एवढे एक वाक्य पाठ केले, तरी त्याचे बरेच पैसे वाचतील.

त्याऐवजी घरच्या घरी मोजता येण्याजोग्या गोष्टी आहेत. हवा परत जाते त्या ग्रिलपाशी एक साधा थर्मामीटर आणि गार हवा येते त्या ग्रिलपाशी दुसरा धरावा. दोहोंत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असायला हवा. हवा फार दमट असेल तर तो थोडा कमी दिसतो. फरक चांगला आहे पण खोली गार होत नाही, असे असेल तर गार हवा पुरेशी पोचत नाही. मळलेला फिल्टर, पिचलेला लवचीक डक्ट किंवा सुटलेला सांधा यांपैकी काहीतरी सापडते. दुसरी मोजणी तर आणखी सोपी. निचऱ्याच्या नळीखाली बादली ठेवावी आणि तासाभरात किती पाणी साठते ते पाहावे. पावसाळ्यात पूर्ण वेळ चालणाऱ्या पाच टनी यंत्राने सहा-सात लिटर पाणी द्यावे. दोन लिटरच निघाले आणि घरात चिकचिक आहे, तर यंत्र लहान नाही, ते आपले दुसरे काम करत नाही. पाचशे-हजार रुपयांचा आर्द्रतामापक भिंतीवर असला की हे दुखणे रोज नजरेसमोर राहते.

आता पाणी येते कुठून? इथे स्वयंपाकघराची चिमणी सर्वांत आधी तपासावी. ताशी हजार घनमीटर ओढण्याचा दावा करणारी चिमणी प्रत्यक्षात जाळी आणि नळीच्या अडथळ्यामुळे समजा निम्मीच हवा बाहेर टाकते. ती पाचशे घनमीटर हवा घरातली, गार केलेली असते. तेवढीच नवी हवा फटींतून, दारांखालून आत येते. बजबजच्या ३३ अंशांच्या, ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेत प्रत्येक किलोमागे सुमारे २४ ग्रॅम पाणी असते. घरात २५ अंशांना सुखाची हवा हवी असेल तर ते ११ ग्रॅमच्या आसपास आणावे लागते. हिशेब केला तर चिमणी चालू असेपर्यंत ताशी सात लिटरहून अधिक पाणी घरात शिरते. पाणी आणि तापमान मिळून हा भार पावणेदोन टनांचा होतो. माशाचा रस्सा आणि भात शिजेपर्यंत पाच टनांच्या यंत्रातले पावणेदोन टन असे खर्ची पडतात! स्वयंपाकघराचे दार लावून घेणे आणि तिथली एक खिडकी उघडी ठेवून चिमणीला बाहेरचीच हवा देणे, एवढ्याने बाकीच्या घराला जे मिळते ते कुठलेही नवे यंत्र इतक्या स्वस्तात देणार नाही.

त्याखालोखाल गच्ची. उघडा काँक्रीटचा स्लॅब उन्हाळ्याच्या दुपारी इतका तापतो की त्यावर अनवाणी उभे राहवत नाही, आणि साठवलेली उष्णता तो मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतो. वरच्या मजल्यावरची खोली दिवसापेक्षा रात्री दहा वाजता जास्त जड का वाटते, याचे उत्तर यातच आहे. पांढरा परावर्तक लेप, चायना मोझेक किंवा स्लॅबवर उष्णतारोधक थर, यांपैकी जे जमेल ते करावे. पश्चिमेच्या काचेला बाहेरून सावली हवी. आतला पडदा ऊन खोलीत येऊ दिल्यावर ते अडवतो, तेव्हा उशीर झालेला असतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये आणलेल्या इको-निवास संहितेत घराच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला १५ वॅट अशी मर्यादा घातली आहे. ही संहिता नव्या इमारतींसाठी असली, तरी जुन्या घराच्या मालकाला त्यातून कळते, की हिशेबाची सुरुवात भिंतीपासून करायची, यंत्रापासून नाही.

डक्टचा प्रश्न बजबजसारख्या ठिकाणी विशेष नाजूक आहे. बाहेरच्या हवेचा दवबिंदू पावसाळ्यात २८ अंशांपर्यंत जातो. फॉल्स सीलिंगच्या वर ती हवा कोंडलेली असेल आणि १४ अंशांची हवा वाहणाऱ्या डक्टवरचे नायट्रिल रबराचे आवरण कुठे फाटलेले असेल, तर तिथे पाणी ठिबकणारच. छतावर उमटणारे तपकिरी डाग पाइप फुटल्याचेच असतात असे नाही. परतीच्या डक्टचा सांधा उघडा असेल, तर यंत्र वरची ती दमट हवाच ओढत बसते. हे दुरुस्त करणे कष्टाचे आहे, सीलिंग उघडावे लागते, म्हणून लोक टाळतात. टाळू नये.

एवढे झाल्यावरही एखादी खोली मागे राहिली, तर जोडयंत्राचा विचार करावा. सगळ्यांत आधी पंखा. हवा अंगावरून खेळती राहिली की माणसाला तापमान दोन-तीन अंशांनी उतरल्यासारखे वाटते, आणि बीएलडीसी मोटरचा पंखा जेमतेम तीस-पस्तीस वॅट घेतो. सेंट्रल एसी आहे म्हणून फॉल्स सीलिंग करताना पंख्यांचे हूकच काढून टाकण्याची जी पद्धत पडली आहे, ती मुळातच चुकीची आहे.

मग त्या एका खोलीपुरता इन्व्हर्टर स्प्लिट. बहुधा ही वरच्या मजल्यावरची झोपण्याची खोली असते. एक टनाचा चांगला स्प्लिट रात्री स्थिरावल्यावर एक किलोवॅटच्या आतच चालतो, आणि तो चालू असताना पाच-सहा किलोवॅट ओढणारी सेंट्रल यंत्रणा बंद ठेवता येते. म्हणजे जोड दिल्याने बिल वाढण्याऐवजी उतरूही शकते. इथे एक सावधगिरी हवी. स्प्लिट बसवल्यावर त्या खोलीचे डक्टचे तोंड बंद करून हवा इतरत्र वळवण्याचा मोह होतो. एखादे तोंड बंद केले तर चालते. तीन-चार बंद केली तर पंख्यावरचा दाब वाढतो, कॉइलवरून हवा कमी जाते आणि कॉइलवर बर्फ धरू लागतो. अशा वेळी हवेचे नव्याने संतुलन करून घ्यावे, किंवा मोटरवर चालणारे डॅम्पर बसवून घराचे दोन विभाग करावेत.

पावसाळी घरासाठी तिसरा पर्याय डीह्युमिडिफायरचा. तापमान २९ आणि आर्द्रता नव्वदीत, अशा ऑगस्टच्या दिवसांत तो फार उपयोगी पडतो. पण त्याचा स्वभाव ओळखून घ्यावा. पाण्यातून काढलेली उष्णता आणि स्वतःच्या मोटरची उष्णता तो खोलीतच सोडतो, म्हणून खोली कोरडी होते आणि किंचित तापते. सेंट्रल यंत्रणेजवळ तापमान उतरवण्याची ताकद आहे, पण पाणी काढण्याची कमी आहे, अशा घरात ही जोडी जमते. मे महिन्याच्या रखरखीत दुपारी तिचा उपयोग नाही.

मोठ्या यंत्राचा हट्ट का नको, हेही इथेच सांगायला हवे. गरजेपेक्षा मोठे, एकाच वेगाचे यंत्र दहा मिनिटांत तापमान उतरवून थांबते. कॉइलवर जमलेले पाणी निचऱ्याच्या नळीपर्यंत पोचायच्या आत काम संपते. त्यात आतला पंखा ‘ऑटो’ऐवजी सतत चालू ठेवला असेल, तर तेच पाणी पुन्हा हवेत मिसळते. बंगालसारखीच दमट हवा असलेल्या फ्लोरिडात, तिथल्या सोलर एनर्जी सेंटरने या गोष्टीचा बारकाईने अभ्यास केला आहे. थोडे लहान, पण दिवसभर सावकाश चालणारे यंत्र दमट मुलखात अधिक सुख देते. ज्यांनी आपले यंत्र अपुरे म्हणून विकायला काढले आहे, त्यांनी एक ऑगस्ट थांबून त्याने काढलेले पाणी मोजावे.

जोडयंत्र विकत घेण्यापूर्वी विजेची वाट तपासायची असते. दीड टनाच्या स्प्लिटला स्वतंत्र तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी आणि खात्रीचे अर्थिंग लागते. दिवाणखान्याच्या प्लगवरून ओढलेली तार नाही. मीटरचा मंजूर भार कमी असेल तर तो वाढवून घ्यावा. न सांगता लावलेले एसी एकाच उकाड्याच्या रात्री एकदम चालू झाले, की गल्लीतल्या केबलवर ताण येतो आणि सगळ्यांचेच दिवे जातात. विजेचे केंद्र हाकेच्या अंतरावर असले, तरी शेवटच्या शंभर मीटरांची तार जेवढी जाड, तेवढीच वीज घरात येते.

पुढची प्रकरणे याच क्रमाने मांडली आहेत: आधी स्वयंपाकघर, मग गच्ची आणि खिडक्या, मग डक्ट, आणि त्यानंतर यंत्रे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी नोंदींसाठी कोरी जागा ठेवली आहे. दोन ग्रिलांपाशी मोजलेले तापमान, भिंतीवरच्या मापकातली आर्द्रता आणि बादलीतले पाणी, अशा तीन नोंदी मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा, दुपारी आणि रात्री, वाचकाने स्वतः तिथे लिहाव्यात. दुकानदाराशी किंवा मेकॅनिकशी बोलायला जाताना त्या बरोबर न्याव्यात.